डोळे मिट म्हणाले होते

त्या वर्षी दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला माझ्या लक्षात आलं, की मला डोळे मिटता येत नाहीत. अंगाला तेल लावून झालं होतं. डोक्यावर शिकेकाई घातली, तांब्या उचलला, डोळे मिटायला गेले आणि छातीत धस्स झालं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. माझ्या पापण्या खाली आल्या की तेवढ्यात कुणीतरी मरेल, अशी खात्रीच वाटत होती. शेवटी उघड्या डोळ्यांनीच डोकं धुतलं. बाहेर आले तर डोळे लालभडक.

"रडलीस का?" नवऱ्यानं विचारलं.

"शिकेकाई गेली," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. पण सगळं खरंही नव्हतं.

मी तेव्हा नर्स होते, घाटाखालच्या एका लहान रुग्णालयात. माहेर माझं घाटावरचं, चिखलीकडचं उंद्री. नवरा पंचायत समितीत कारकून. त्याच्या बदलीमागे मी खाली आले आणि खालचीच झाले. घाटाखाली कापसाचा मुलूख. बीटीचं बियाणं नवं आलं तेव्हा लोक म्हणायचे, आता अळीसाठी फवारणी करायला नको. काही वर्षं खरंच श्रावण-भाद्रपदात आमच्याकडे फवारणीचे पेशंट कमी आले. मग ते पुन्हा वाढले. अळी बियाण्याला जुमानेना. त्यात कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत उंच आणि दाट. तिच्यात शिरून फवारलं की औषध पानांवर कमी आणि तोंडावर जास्त. घाम, उलट्या, तोंडाला फेस, मोहरीएवढ्या झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्या. बॅटरी मारून त्या बाहुल्या बघायच्या आणि विषावरच्या इंजेक्शनचा डोस डॉक्टरांना विचारायचा, हे माझं त्या दोन महिन्यांतलं रोजचं काम होतं. मला ते चांगलं जमायचं. एवढं सांगितलं पाहिजे, कारण पुढे मला तेही जमेना.

ती मुलगी पोळ्यानंतर आली. एकोणीस वर्षांची. तिनं पंप पाठीवर घेतलाही नव्हता. मायलेकी दुसऱ्याच्या शेतात मजुरीनं गेल्या होत्या. फवारणाऱ्या गड्याला पाणी आणून द्यायचं आणि टाकीत औषध ढवळायचं, हे मुलीचं काम. ढवळायची काडी मोडली, म्हणून तिनं हातानंच ढवळलं. दिवसभर. संध्याकाळी माय तिला ऑटोत घालून आमच्याकडे घेऊन आली.

पहिला दिवस वाईट गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती उठून बसली, चहा प्यायली. माझ्याकडे बघत होती.

"सिस्टर, तुमचं शिक्षण किती सालाचं असते हो?"

"तू किती शिकली?"

"बारावी झाली."

"मग होशील की तूही नर्स. फॉर्म निघाले की सांगते तुला."

तिची माय पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. "हिले सुईचं भ्या वाटते अन् हे नर्स होते," ती म्हणाली. तिघी हसलो. तो बरा होण्याचा दिवस आहे असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उशीवरून मान उचलता येईना. या विषात असं होतं. पेशंट सुधारला असं वाटतं आणि दोन-तीन दिवसांनी मानेचे, मग श्वासाचे स्नायू ढिले पडतात. डॉक्टरांनी बघितलं आणि लगेच म्हणाले, "बुलढाण्याला न्या. मशीनवर ठेवावं लागेल." मी सोबत निघाले.

रुग्णवाहिकेत माय मागे चढत होती. मीच तिला म्हणाले, "तुम्ही पुढे बसा. मला मागे जागा लागेल." ती उतरली आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. मध्ये एक काचेची खिडकी होती, बंद.

घाट सुरू झाला तेव्हा मुलगी बोलली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"सिस्टर, मले दिसून नाही राह्यलं. सगळं पांढरं पांढरं दिसते."

"विषावरच्या इंजेक्शननं होतं तसं. त्यानं बाहुल्या मोठ्या होतात ना, म्हणून. घाबरू नको."

"माय कुठी हाय?"

"पुढे बसली आहे. तू डोळे मिट बरं. मी आहे ना इथे."

तिनं मिटले. पुढून मायनं काचेतून मागे वळून पाहिलं. गालाखाली हात ठेवून खुणेनं विचारलं, झोपली का? मी मान हलवली. हो.

दोन वळणं झाली असतील. तिची छाती हलेना. मी हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. "उघड, डोळे उघड." मग काचेकडे पाठ केली, मायला दिसू नये म्हणून, आणि हातानं श्वास देण्याची अंबू बॅग दाबत राहिले. बुलढाण्याला डॉक्टरांनी अर्धा-पाऊण तास खटपट केली. मग त्यांनी मायला आत बोलावलं आणि मी बाहेर आले.

माणसं गेलेली मी पुष्कळ पाहिली होती. दुसऱ्या दिवशी कामावर गेले, सगळं नीट केलं. दिवाळीत आंघोळीचं ते सुरू झालं. रात्री छताकडे बघत पडून राहायचे, झोप कधी लागायची ते कळायचं नाही. मग देवळात सगळे डोळे मिटून हात जोडत तेव्हा मी एकटी उघड्या डोळ्यांनी उभी राहायला लागले. पेशंटच्या डोळ्यांत बॅटरी मारायची वेळ आली की बॅटरी दुसरीच्या हातात द्यायला लागले. एक दिवस बाळंतिणीच्या खोलीत माझी नर्स मैत्रीण एका बाईला म्हणाली, "डोळे मिट बाई, सुई देते." माझ्या हातातून अख्खा ट्रे खाली पडला. काचा वेचायला मी वाकले ती तिथेच बसून राहिले.

घरी नवरा माझं डोकं धुवायला मदत करायचा. टॉवेलची घडी माझ्या कपाळावर दाबून धरायचा, फेस खाली येऊ नये म्हणून, आणि दुसऱ्या हातानं पाणी घालायचा. काही विचारायचा नाही. शेजारीण म्हणाली, "हिले लागलं काही तरी, दर्ग्यावर नेऊन पाहा." नवऱ्यानं तिला उलट उत्तर दिलं नाही आणि मला नेलंही नाही. त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्याला बुलढाण्याच्या संमोहन उपचारवाल्या गृहस्थांचा पत्ता दिला.

ते निवृत्त शिक्षक होते. घराच्या पुढच्या खोलीत हिरवे पडदे, एक आरामखुर्ची. बोलणं अतिशय मायाळू. मी त्यांना लबाड म्हणणार नाही, ते तसे नव्हते. त्यांनी मला खुर्चीत रेलायला सांगितलं आणि खोल आवाजात म्हणाले, "आता सावकाश डोळे मिटा. मी आहे इथे."

मी किंचाळले. बाहेर बसलेला नवरा चपला न घालता आत धावत आला.

ते गृहस्थ ओशाळले. मला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मिटू नका. त्या खिडकीच्या कडीकडे बघत राहा." पुढच्या वेळी मी कडीकडे बघत राहिले, ते आकडे उलटे मोजत राहिले, आणि माझे खांदे कधी सैल पडले ते मला कळलं नाही. पहिल्या दोन-तीन खेपांत मला खरोखर बरं वाटलं. ते मला बोलण्यातूनच उंद्रीच्या आमच्या मळ्यात न्यायचे, चिंचेखाली बसवायचे. हातापायांत ऊब यायची.

मग एका खेपेला ते म्हणाले, "आता आपण ते चित्रच बदलू." त्यांनी मला रुग्णवाहिकेत नेलं. मुलगी डोळे मिटून पडलेली. "आता ती डोळे उघडते आहे," ते म्हणाले. "बघा, हसते आहे. उठून बसली. मायचा हात धरून घरी निघाली." आणि मला ते दिसलं. स्पष्ट दिसलं. तिच्या पायातल्या निळ्या चपलासुद्धा. मी ढसाढसा रडले. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून डोळे मिटले. तो इतका आनंदला की बसस्टँडवर उतरल्यावर त्यानं जिलबी घेतली.

आठ-दहा दिवस तसे गेले. त्यानंतर मी मोताळ्याच्या बाजाराला गेले होते. वांगी निवडत होते. समोर एक बाई येऊन उभी राहिली. त्या मुलीची माय. वाळून काटकी झालेली. मला तिला बघून एकदम बरं वाटलं, ओळखीचं माणूस भेटल्यासारखं. मी हसून विचारलं, "काय म्हणता? मुलगी कशी आहे?"

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"सिस्टर," ती म्हणाली, "इसरल्या का तुम्ही?"

बाजारातला सगळा आवाज थांबल्यासारखं झालं. वांगी माझ्या हातातच होती. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिला वाटलं, इतके पेशंट असतात, बाई विसरली. तिनंच मला सावरून घेतलं. "हाव, तुमच्याइथं लय लोकं येतात." मग जरा जवळ येऊन म्हणाली, "तुमच्याच हातात गेली ना माही पोरगी. शेवटी काही बोलली का? एवढंच इचारायचं होतं."

"नाही," मी म्हणाले. "झोपली होती."

मी घरी कशी आले आठवत नाही. ज्या पोरीला मी डोळे मिटायला लावले, तिचं मरणसुद्धा मी माझ्या सोयीसाठी पुसून टाकलं, आणि तिच्या मायला तोंडावर विचारलं मुलगी कशी आहे. त्या दिवसापासून आधीपेक्षा वाईट झालं. मी रजा टाकली. स्वयंपाकघरात फरशीवर बसून राहायचे. डोळे कोरडे ठाक पडून दुखायचे. त्या हिरव्या पडद्यांच्या खोलीत मी पुन्हा गेले नाही.

आमच्याच डॉक्टरांनी मला मानसोपचाराच्या मॅडमकडे पाठवलं. त्या आठवड्यातून दोनदा बुलढाण्याला बसत. वयानं माझ्या भाचीएवढ्या. घर मलकापूरकडचं, कापडाच्या व्यापाऱ्यांचं मुसलमान घराणं. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "तुम्हाले काय म्हणू?"

"सिस्टर सोडून काहीही म्हणा."

"मग मावशी म्हणते."

मी त्यांना हिरव्या पडद्यांचं सगळं सांगितलं, बाजारातलंही. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. मग म्हणाल्या, "मावशी, मी तुमची आठवण बदलणार नाही. जे झालं ते तसंच राहीन. पोरगी गेली, हे तसंच राहीन. पण तुमच्यासाठी ते अजून रोज होऊन राह्यलं. ते मागे गेलं पाहिजे, बस. अन् डोळे मिटायचं काम नाही इथं. उघडे ठेवून करायचं."

हे शेवटचं ऐकून मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

लगेच सुरू केलं नाही त्यांनी. तीन भेटी नुसत्या बोलण्यात गेल्या. मग एके दिवशी त्यांनी आपली खुर्ची माझ्या बाजूला तिरकी ओढली. त्या क्षणाचं सगळ्यात वाईट चित्र कुठलं, असं विचारलं. मी म्हणाले, तिच्या मिटलेल्या पापण्या. ते बघून स्वतःबद्दल काय वाटतं? "मी मारलं तिला. डोळे मिट म्हणून." त्रास किती, शून्य ते दहा? "दहा." शरीरात कुठे? मी घशावर हात ठेवला. मग त्यांनी दोन बोटं माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि डावी-उजवीकडे हलवायला लागल्या. मान नाही, फक्त डोळे न्यायचे. पंचवीस-तीस वेळा झालं की थांबायच्या. "श्वास घ्या. काय आलं?" मी सांगायचे. "त्याच्यासोबतच राहा," असं म्हणून पुन्हा बोटं.

मला आधी तो पोरखेळ वाटला. इतकी वर्षं मी लोकांच्या डोळ्यांसमोर बोट हलवलं होतं, डोक्याला मार लागलेल्यांच्या. पण चौथ्या-पाचव्या वेळेला फवारणीच्या औषधाचा वास आला, त्या खोलीत, खरा. मग घाटातलं ऊन. मग मायचा गालाखालचा हात. मला उलटी झाली. मॅडमनी स्वतः पुसलं. त्या दिवशी आकडा दहाच राहिला.

दोन खेपांनंतरची गोष्ट. बोटं हलत होती आणि माझे हात दुखायला लागले. मनगटापासून खांद्यापर्यंत, ठणकल्यासारखे. मी म्हणाले, "हात दुखतात."

"त्याच्यासोबत राहा."

आणि मग मला दिसलं, मी अंबू बॅग दाबते आहे. अर्धा घाट आणि पुढचा सगळा रस्ता. एका गुडघ्यावर बसून, वळणावर पाय स्ट्रेचरच्या दांडीला अडकवून. एकदाही थांबले नव्हते मी. बुलढाण्याला पोचल्यावर माझ्या हातांतून बॅग सोडवून घ्यावी लागली होती. हे सगळं मला ठाऊक होतं, पण इतक्या महिन्यांत एकदाही आठवलं नव्हतं. आठवायचे ते माझे दोन शब्द तेवढे.

पण मनात शंका आली. मॅडमना म्हणाले, "हे खरं आहे की हेही चित्र?"

"मी नाही सांगू शकत," त्या म्हणाल्या. "सोबत कोण होतं?"

मी रुग्णालयात जाऊन त्या दिवशीच्या ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "सिस्टर, तुमचे हात सुजले होते. वापस येताना तुम्हाले पाण्याची बाटली उघडता नव्हती आली. म्या उघडून देली."

मी तिथेच, रुग्णवाहिकेच्या पायरीवर बसले. पुढच्या काही खेपांत आकडा सहावर आला, चारवर आला. थंडी संपता संपता मी एकदा डोकं धुताना डोळे मिटले. नवरा टॉवेल धरून उभा होता. त्याला मी सांगितलं नाही, त्यालाच दिसलं.

एक गोष्ट बोटांनी गेली नाही. मी मायशी खोटं बोलले होते. मॅडम म्हणाल्या, हा आजार नाही मावशी, हे करायचं काम आहे.

मी तिच्या गावी गेले. ती दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी खाली बसले आणि सांगून टाकलं. "त्या दिवशी बाजारात मी खोटं बोलले. ती बोलली होती. माय कुठी हाय, असं विचारलं तिनं. मी म्हणाले, पुढे आहे, तू डोळे मिट. मग तिनं मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत."

तिचे हात थांबले.

"म्या पुढून आवाज देला असता," ती म्हणाली, "तं तिले आयकू गेलं असतं का?"

मी 'नाही' म्हणू शकले असते. काच बंद होती. पण पुन्हा खोटं बोलायचं नव्हतं.

"गेलं असतं. काच उघडली असती तर गेलं असतं."

"मंग मले मागं काऊन नाही बसू देलं तुम्ही?"

"मला वाटलं जागा लागेल. ती वाचेल असं वाटलं होतं मला."

ती उठली. पदरानं तोंड पुसलं, आत गेली आणि माझ्यासाठी पाण्याचा गिलास घेऊन आली. मी प्यायले. मग ती म्हणाली, "म्याच नेलं होतं तिले कामावर. ते नाही म्हणत होती. पाय दुखतात म्हणे. म्या म्हटलं, चाल, एकच दिवस हाय." हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

मी तिला मॅडमकडे न्यायचं म्हणाले. ती लगेच हो म्हणाली नाही. उन्हाळ्यात काम नव्हतं, तेव्हा एकदाची आली. आम्ही दोघी एसटीनं घाट चढून गेलो. ती खिडकीकडे पाठ करून बसली. मॅडमनी तिला त्रासाचा आकडा विचारला तेव्हा तिनं विचारलं, "शंभर म्हटलं तं चालते का?" मॅडम म्हणाल्या, चालते.

चार वेळा आली ती. चौथ्या खेपेला बाहेर आली तेव्हा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. "आज दिसली. ते पोरगी पाणी घेऊन चालली होती शेताच्या धुऱ्यानं," मला म्हणाली. "मले वापस वळून पाहे. पहिल्यांदा म्या तिले डोळे भरून पाह्यलं." मॅडम म्हणाल्या, अजून पुष्कळ बाकी आहे, मध्येच सोडू नका.

मग पेरण्या लागल्या. निंदण, खत, रोजचं काम. ती म्हणाली, पोळा झाला का येईन. पोळ्यानंतर तिच्या गावात फवारण्या सुरू झाल्या आणि त्या वासानं तिचं पुन्हा सगळं वर आलं. एका सकाळी ती शेतात न जाता बांधावर बसून राहिली. कुणाशी बोलेना. मी तिला न्यायला गेले तर आली नाही. "तुमचं ते बोट लय चांगलं हाय बाई," ती म्हणाली, "पण हे वास तं दरसाल येईन ना. त्याले कोण थांबवन?"

मॅडमनी त्या दिवशी तिची वेळ राखून ठेवली होती. मी एकटीच गेले आणि तिचं बोलणं त्यांना सांगितलं. त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाल्या, "बरोबर बोलली." त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून भेटीचे पैसे घेतले नाहीत, चहा मागवला, आणि आम्ही दोघी तो प्यायलो.

माझा आकडा दोनवर थांबला. त्याच्या खाली तो कधी गेला नाही, आणि मीही फार जोर लावला नाही. रजेवरून परतले ती निवृत्त होईपर्यंत काम केलं, बॅटरी हातात घेऊन. फक्त कुठल्याही पेशंटला डोळे मिट असं म्हणाले नाही, आणि घरचं माणूस मागे बसतो म्हणालं तर कधी अडवलं नाही. त्या मुलीची माय कापूस वेचणीला जाते अजून. पहाटे निघते, दुपारी झाडाखाली भाकरी खाते. फवारणीचे दोन महिने तिची भाची येऊन तिच्याजवळ राहते, घरचे तिला एकटं सोडत नाहीत.